सांगलीत बातम्यांचा छोटा स्टुडिओ उभारायचा आहे: जागा कोणती घ्यावी आणि खर्चाचा क्रम कसा ठेवावा?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी,

सांगलीत गेली नऊ वर्षे आम्ही स्थानिक बातम्यांची वाहिनी चालवतो. केबलवर आणि यूट्यूबवर रोज संध्याकाळी ७ वाजता अर्ध्या तासाचे बातमीपत्र असते. मतमोजणीच्या आणि पुराच्या दिवसांत मात्र आठ-आठ तास सलग थेट प्रक्षेपण करावे लागते. आतापर्यंत हे सगळे काम एका खोलीत, मागे पडदा आणि समोर एकच कॅमेरा अशा व्यवस्थेत चालले. न्हाणीघरातून बोलल्यासारखा आवाज येतो, निवेदिकेच्या चेहऱ्यावर प्रकाश पिवळट पडतो आणि पाहुण्याला फोनवर जोडले की त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, अशा तक्रारी प्रेक्षक नेहमी कळवतात आणि त्या रास्त आहेत.

आता नीट स्टुडिओ बांधण्यासाठी ५५ लाख रुपये उभे राहिले आहेत. समोर दोन जागा आहेत. पहिली जागा शहरात दुसऱ्या मजल्यावर आहे: ४० बाय २६ फुटांचा हॉल, स्लॅबची उंची ११ फूट, रस्त्याच्या बाजूला चार खिडक्या आणि खाली दिवसभर रहदारी. दुसरी जागा म्हणजे कुपवाड औद्योगिक वसाहतीतील गोदाम. ते ५० बाय ४० फुटांचे असून उंची १८ फूट आहे, पण छप्पर पत्र्याचे आहे. भाडे जवळपास सारखेच आहे.

एका पुरवठादाराने दिलेल्या आराखड्यात १६ बाय ९ फुटांच्या एलईडी वॉलसाठी (निवेदकामागच्या मोठ्या पडद्यासाठी) २४ लाख, तीन कॅमेऱ्यांसाठी १२ लाख, व्हिजन मिक्सर (कॅमेऱ्यांची चित्रे निवडणारे यंत्र) आणि पीसीआर (नियंत्रण कक्ष) यांसाठी ८ लाख, दिवे आणि सेटसाठी ७ लाख धरले आहेत. ध्वनिरोधन, एसी आणि वीज मिळून ४ लाखांत बसवायचे आहे. मेजावर एक निवेदक आणि तीन पाहुणे बसतील आणि वॉलपुढे उभे राहून नकाशा समजावता येईल, एवढी आमची गरज आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ध्वनिलहर:

आराखड्यातील शेवटचा आकडाच मला सर्वांत जास्त खटकला. प्रेक्षक पाहतो ती वस्तू पहिली आणि ऐकतो ती शेवटची, असा तो क्रम आहे. पुढे कॅमेरे बदलता येतात, सेट तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतोच. पण खोली एकदा चुकीची बांधली की ती सुधारायला प्रक्षेपण बंद ठेवावे लागते.

आधी गोदामाचा विचार करू. १८ फूट उंची पाहून कोणालाही मोह होईल. परंतु पत्र्यावर जोराचा पाऊस पडू लागला की खाली दोन माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही, आणि तुमच्या वाहिनीची खरी गरज नेमकी त्याच दिवसांत असते. यावर उपाय एकच, तो म्हणजे गोदामाच्या आत स्वतंत्र खोली उभी करणे आणि तिचे छत स्प्रिंगच्या हँगरवर, जिप्समचे दोन थर आणि वर काचलोकर देऊन टांगणे. ते उत्तम होते, पण उपलब्ध रकमेचा मोठा भाग त्यातच जाईल. म्हणून माझे मत हॉलच्या बाजूने आहे.

हॉलचे गणित मांडून दाखवतो, कारण ठेकेदाराशी बोलताना ते उपयोगी पडेल. खोलीचे घनफळ साधारण ३२४ घनमीटर आहे आणि छत, जमीन व भिंती मिळून पृष्ठभाग सुमारे ३२८ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी यांचा ध्वनिशोषणांक ०.०३ धरला (म्हणजे पृष्ठभाग आवाजाचा फक्त तीन टक्के भाग शोषतो), तर साबिनच्या सूत्राप्रमाणे रिकाम्या खोलीत आवाज पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राहील. बातम्यांसाठी तो ०.४ सेकंदांच्या आसपास यायला हवा आणि त्यासाठी सुमारे १३० चौरस मीटर पूर्ण शोषणाऱ्या पृष्ठभागाइतके शोषण लागते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की संपूर्ण छत आणि भिंतींचा साधारण तिसरा हिस्सा ५० मिलिमीटर जाडीच्या, दर घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलने (दगडापासून बनवलेल्या लोकरीने) झाकावा लागेल. रॉकवूलवर आधी काचेचे कापड, मग साधे कापड ताणावे आणि मागे ५० मिलिमीटर पोकळी सोडावी. अंड्यांचे ट्रे किंवा बाजारात मिळणारा पातळ फोम लावू नका. त्याने वरच्या पट्टीतील आवाज तेवढा मरतो आणि पुरुषी आवाजातील घुमारा तसाच राहतो. शिवाय साधा फोम पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. तारा, दिवे आणि माणसे यांनी भरलेल्या बंद खोलीत तो धोका पत्करण्यासारखा नाही.

मात्र शोषण म्हणजे रोधन नव्हे, हे ठेकेदारही विसरतात. रॉकवूलने खोलीतला घुमारा जाईल, पण खालच्या रिक्षांचे हॉर्न थांबणार नाहीत. त्यासाठी वजन आणि हवाबंदपणा लागतो. खिडक्या विटांनी बुजवाव्यात आणि त्या भिंतीच्या आत, तिला न टेकणाऱ्या सांगाड्यावर जिप्समचे दोन थर द्यावेत. दुसऱ्या मजल्यावर नवी नऊ इंची भिंत घालायचा विचार असेल, तर आधी इमारतीच्या संरचना अभियंत्याला विचारा, कारण अशा भिंतीचे वजन दर धावत्या मीटरला जवळपास दीड टन भरते. त्याहून सोपा उपाय मांडणीतच आहे: रस्त्याच्या बाजूला पीसीआर, मेकअपची खोली आणि कार्यालय ठेवा आणि स्टुडिओ मागच्या बाजूला घ्या. मधल्या खोल्याच मग ढालीचे काम करतील. दार जड असावे, चारी बाजूंनी रबरी पट्टी असावी आणि मध्ये छोटी मोकळी जागा ठेवून दोन दारे असावीत.

एसी भिंतीवरचा घेऊ नका. त्याची घरघर लेपल माइकमध्ये (कपड्याला लावायच्या छोट्या माइकमध्ये) सतत येत राहते. डक्टचा घ्या, यंत्र स्टुडिओबाहेर ठेवा, यंत्र आणि डक्ट यांच्यात कॅनव्हासचा जोड द्या आणि डक्ट रुंद ठेवून हवा संथ सोडा. दिवे, वॉल, मॉनिटर आणि आठ माणसे मिळून साधारण साडेचार किलोवॉट उष्णता निर्माण होईल. म्हणजे त्याचीच सव्वा टनाहून अधिक गरज आहे, वर एप्रिल-मेमध्ये तापणारा स्लॅब वेगळा. चार टनांचे एकच यंत्र घेण्यापेक्षा दोन टनांची दोन घ्यावीत, म्हणजे एक बंद पडले तरी बातमीपत्र थांबत नाही.

दीपमाळ:

मी पुण्यात प्रकाशयोजनेचे काम करतो. वरील मताशी मी सहमत आहे, परंतु ११ फूट उंचीचे परिणाम आधी समजून घ्यावेत.

दिवे टांगायचा पाइप आणि दिव्याची लांबी वजा जाता दिव्याचा मध्य साडेनऊ फुटांवर येईल. निवेदक सहा इंची चौथऱ्यावर बसला, तर त्याचे डोळे साडेचार फुटांवर असतील. दिवा सात फूट पुढे ठेवला, की प्रकाश सुमारे ३५ अंशांतून येतो आणि हा कोन चेहऱ्यासाठी चांगला आहे. पण निवेदक उभा राहून नकाशा दाखवू लागला आणि कॅमेरा रुंद झाला, की दिवा चौकटीत दिसू नये म्हणून मागे सरकवावा लागतो. मग कोन २०-२२ अंशांवर उतरतो, चष्म्यात दिवा चमकतो, निवेदकाची सावली थेट मागे पडते आणि सर्वांत वाईट म्हणजे तोच प्रकाश वॉलवर पसरून तिच्यातला काळा रंग राखाडी करतो. म्हणून कमी उंचीच्या खोलीत मोठी वॉल शोभत नाही. माझ्या अनुभवात असे सेट कागदावर देखणे आणि पडद्यावर फिके दिसतात.

वॉलच्या उजेडाचाही हिशोब पाहावा. निवेदकावर ६०० लक्स प्रकाश असला, तर त्याच्या हातातला पांढरा कागद साधारण १७० निट (पृष्ठभागाच्या उजेडाचे एकक) उजळ दिसतो आणि चेहरा त्याच्या निम्म्याहूनही कमी. वॉल मात्र ६०० निट किंवा त्याहून अधिक उजेड देऊ शकते. ती पूर्ण उजेडावर चालवली तर निवेदक तिच्यापुढे काळवंडतो, म्हणून ती पाव किंवा त्याहूनही कमी उजेडावर चालवावी लागते. खरेदीपूर्वी पुरवठादाराला ‘किती निट’ हे विचारू नका. वॉल २० टक्के उजेडावर आणून तिच्यावर काळ्यापासून करड्यापर्यंतची पट्टी दाखवायला सांगा आणि ती स्वतःच्या कॅमेऱ्यातून पाहा. हलक्या पॅनेलमध्ये गडद छटा तुटक दिसतात किंवा लालसर होतात. रिफ्रेशचा दर (वॉल सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उजळते तो) ३८४० हर्ट्झ असावा, नाहीतर कॅमेऱ्यात आडव्या पट्ट्या फिरताना दिसतील.

वॉलचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी करा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. ६०० बाय ३३७.५ मिलिमीटरच्या पेट्या १.५६ मिलिमीटर पिचमध्ये (दोन ठिपक्यांमधील अंतर) मिळतात. अशा पाच बाय पाच पेट्या लावल्या की वॉल सुमारे १० फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच होते आणि तिच्यात बरोबर १९२० बाय १०८० पिक्सेल बसतात. त्यामुळे तुमचे ग्राफिक्स लहान-मोठे न करता जसेच्या तसे उमटते आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. त्याच खेपेतील किमान चार-पाच सुटी मॉड्यूल आत्ताच घेऊन ठेवा, कारण पुढे दुसऱ्या खेपेतील मॉड्यूल बसवले तर त्याचा रंग शेजारच्यांशी जुळत नाही. वॉल आणि निवेदक यांच्यात आठ फुटांचे अंतर ठेवा. वॉल किंचित धूसर झाली, की मॉइरेची (वॉलच्या ठिपक्यांमुळे कॅमेऱ्यात उमटणारी लाटांसारखी) नक्षी जाते.

दिवे सगळे ५६०० केल्व्हिनचे (दिवसाच्या उजेडासारखे पांढरे), मऊ प्रकाशाचे एलईडी पॅनेल असावेत, टीएलसीआय (कॅमेऱ्यात रंग किती खरे दिसतात याचा अंक) ९५ च्या वर असावा आणि ते डीएमएक्सवर (दिवे एका जागेवरून नियंत्रित करायच्या व्यवस्थेवर) जोडलेले असावेत. प्रत्येक बैठकीला एक मुख्य, एक भरणीचा आणि एक मागचा दिवा लागतो. मागच्या दिव्यात काटकसर करू नका, काळे केस गडद पार्श्वभूमीपासून त्यानेच सुटे होतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा सर्व कॅमेऱ्यांचे शटर १/५० सेकंदावर बांधून ठेवा.

वस्त्रांबद्दलही सांगायला हवे. खणाच्या कापडावरची बारीक नक्षी आणि इरकलीच्या चौकटी कॅमेऱ्यात थरथरतात. पैठणीची जर मागच्या दिव्यात चमकते, पण तेवढे चालते. पुढेमागे क्रोमा (एकरंगी पडदा काढून तिथे दुसरे चित्र बसवणे) वापरायचा असेल तर पडदा निळा घ्या. आपल्याकडे हिरवी साडी आणि हिरवा चुडा इतका सर्रास असतो, की हिरव्या पडद्यापुढे बसलेल्या पाहुण्या बाईंचे मनगटच गायब होईल आणि ऐन वेळी त्यांना बांगड्या उतरवायला सांगणे कोणालाही शोभणार नाही.

तारयंत्र:

पीसीआर आणि विजेबद्दल थोडे लिहितो. मी प्रक्षेपण अभियंता आहे.

तुमचा मुख्य प्रेक्षक मोबाइलवर असेल, तर संपूर्ण साखळी १०८०पी५० वर (सेकंदाला ५० पूर्ण चित्रे) ठेवा आणि केबलसाठी शेवटी १०८०आय५० (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) काढा. उलट केले तर हलत्या दृश्यांच्या कडांना मोबाइलवर कंगव्यासारखे दाते दिसतात. १०८०पी५० साठी ३जी-एसडीआय (तारेतून चित्र नेण्याचे मानक) लागते, म्हणून मिक्सर, तारा आणि जोडण्या सगळे त्याच दर्जाचे घ्या. एसटी २११० या मानकावर आधारित आयपी व्यवस्था (संगणकाच्या जाळ्यातून चित्र नेणारी) मोठ्या वाहिन्यांसाठी योग्य आहे. तुमच्या आकाराला तिचा खर्च आणि ती सांभाळणारा माणूस, दोन्ही परवडणार नाहीत. तीन कॅमेरे आणि वॉलचा प्रोसेसर एकाच सिंक जनरेटरला (सर्वांना एकच ताल देणाऱ्या यंत्राला) जेनलॉक करा, म्हणजे जोडून एका वेळेत बांधा. वॉलच्या पट्ट्यांचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

पाहुण्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, याचे कारण तुम्ही त्याला संपूर्ण कार्यक्रमाचा आवाज पाठवता हे आहे. त्याला मिक्स-मायनस पाठवायचे असते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आवाजाखेरीज बाकी सर्व. ध्वनिमिक्सर घेताना किमान चार स्वतंत्र ऑक्स आउटपुट (आवाजाचे वेगळे मिश्रण बाहेर काढणाऱ्या वाटा) आहेत ना, हे पाहा: दोन बाहेरच्या पाहुण्यांसाठी, एक निवेदकाच्या कानातील आयएफबीसाठी (सूचना ऐकवणाऱ्या यंत्रासाठी) आणि एक राखीव. मिक्सर आणि वॉल यांच्यामुळे चित्र काही फ्रेम उशिरा निघते, तितकाच उशीर आवाजालाही द्यावा लागतो; ५० फ्रेमच्या साखळीत एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद. नव्या स्टुडिओतून प्रक्षेपण सुरू करण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून हे जुळवून घ्या.

विजेसाठी १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस दिवे, कॅमेरे, पीसीआर आणि वॉल यांना पुरेल. एसी त्यावर घेऊ नका, तो थेट जनरेटरवर जाऊ द्या. तांत्रिक उपकरणांचे अर्थिंग वेगळे करून घ्या आणि ध्वनी व दिवे यांच्या तारा वेगवेगळ्या ट्रेमधून न्या, नाहीतर माइकमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण येत राहील.

जागेबद्दल एक मुद्दा कोणी मांडला नाही. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तुमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे हे चांगलेच, पण जनरेटर कुठे ठेवणार? तळमजल्याच्या पार्किंगमध्ये ठेवला, तर पूर येईल त्या दिवशी सर्वांत आधी तोच बुडेल. तो गच्चीवर न्या आणि त्याची कंपने स्लॅबमधून स्टुडिओत उतरू नयेत म्हणून खाली स्प्रिंगचे माउंट द्या. डिझेलचा साठा मात्र गच्चीवर मनमानी करू नका, त्यासाठी अग्निशमन विभागाची परवानगी घ्या. इंटरनेटच्या दोन जोडण्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या दिशांनी इमारतीत येणाऱ्या असाव्यात. एकाच खांबावरून आलेल्या दोन तारा म्हणजे एकच तार.

अक्षरवेल:

वरील चर्चेत सगळे आहे, फक्त मराठी नाही, म्हणून लिहिते आहे. मी अनेक वर्षे रनडाउनचे (बातमीपत्राचा क्रम लावण्याचे) काम केले आहे.

तुमचे बातमीदार अजून जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकलेखन करत असतील, तर स्टुडिओ सुरू होण्याच्या तीन महिने आधी सगळ्यांना युनिकोडवर आणा. स्क्रिप्ट, टेलिप्रॉम्प्टर (निवेदकासमोर मजकूर सरकवणारे यंत्र), ॲस्टन (पडद्यावरची नावाची पट्टी) आणि टिकर (तळाशी सरकणारी ओळ) या चारही ठिकाणी एकच मजकूर वाहायला हवा. मध्ये कुठेही फाँट बदलण्याची पायरी आली, की थेट प्रक्षेपणात नेमका तिथे घोळ होतो. प्रॉम्प्टरचे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी स्वतःचा चाचणीचा मजकूर घेऊन जा. त्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ अशा जोड्या असू द्या आणि ‘निर्मिती’, ‘शक्ती’, ‘कृष्णा’ असे शब्दही असू द्या. काही सॉफ्टवेअर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न टाकता नंतर टाकतात, काही जोडाक्षर मोडून पाय मोडलेले अक्षर दाखवतात. निवेदिका अनुभवी असली तरी चालत्या ओळीवर ती तसेच वाचून जाते आणि चूक तिच्या नावावर लागते.

प्रॉम्प्टरची काच ७०-३० ची (७० टक्के प्रकाश आरपार सोडणारी) घेतली तर कॅमेऱ्यात अर्ध्या स्टॉपइतका प्रकाश कमी जातो, तेव्हा तो कॅमेरा बाकीच्यांशी जुळवताना हे धरावे. आकडे अक्षरांत लिहिण्याची सवय लावा. ‘१,२५,००० क्युसेक’ असे समोर आले की वाचणारा क्षणभर अडखळतो. ‘सव्वा लाख क्युसेक’ लिहिले की वाक्य सरळ जाते. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द ऐकणाऱ्यालाही चटकन कळतात आणि पुराच्या बातमीत ते कळणे फार महत्त्वाचे असते.

ॲस्टनची पट्टी इंग्रजी वाहिन्यांच्या नमुन्यावरून आखू नका. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतात, म्हणून त्याच आकाराच्या अक्षराला पट्टी अधिक उंच लागते. नाहीतर ‘कुर्डुवाडी’सारख्या गावाचे उकार कापले जातात. फाँटसाठी ‘मुक्त’ हा मुक्त परवान्याचा फाँट लहान आकारातही स्पष्ट दिसतो आणि त्याला अनेक वजने आहेत. ग्राफिक्ससाठी स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने विकसित केलेले कॅस्परसीजी विनामूल्य मिळते. त्यात एचटीएमएलचे (वेबपानांच्या भाषेतले) साचे चालतात आणि ब्राउझर देवनागरी नीट जुळवत असल्यामुळे जोडाक्षरांचा प्रश्न येत नाही. साचे बांधणारा एक जाणकार मुलगा किंवा मुलगी मात्र कायमची हवी.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. हॉलच घ्यायचे ठरवले आहे. वॉल पाच बाय पाच पेट्यांची करून त्यातून वाचलेले १२ लाख ध्वनी, एसी आणि विजेकडे वळवले. उभे राहून नकाशा दाखवायची जागा वॉलपुढे न ठेवता बाजूला, एका मोठ्या उभ्या टीव्हीपाशी नेली, म्हणजे कमी उंचीचा त्रास तिथे होणार नाही. जनरेटर गच्चीवर नेण्याविषयी संरचना अभियंत्याची वेळ घेतली आहे. खरे सांगायचे तर २०१९ च्या पुरात आमचा जनरेटर तळमजल्यावरच होता, आणि तरीही नव्या आराखड्यात तो मी पुन्हा तिथेच दाखवला होता.

एक शेवटची शंका. पीसीआर आणि स्टुडिओ यांच्यामध्ये काचेची खिडकी ठेवावी का? आमच्या भागीदारांना ती हवी आहे, कारण भेटीला येणाऱ्यांना स्टुडिओ दिसेल.

ध्वनिलहर:

कामासाठी तिची गरज नाही. निर्माता मॉनिटरवर पाहतो आणि टॉकबॅकवर (पीसीआर आणि स्टुडिओ यांच्यातील संवादयंत्रणेवर) बोलतो, आणि मध्ये काच असली की पीसीआरमधील पडद्यांचा निळसर उजेड स्टुडिओत येतो. तरी ठेवायची असेल तर दोन वेगळ्या चौकटींत दोन वेगळ्या जाडीच्या काचा घ्या, १० आणि ६ मिलिमीटरच्या चालतील. त्यांच्यात किमान चार इंच अंतर ठेवा आणि स्टुडिओकडची काच खाली थोडी झुकवा, म्हणजे आवाज आणि दिवे सरळ माघारी येणार नाहीत. पीसीआरच्या बाजूने काळा पडदा लावा आणि तो प्रक्षेपणाच्या वेळी ओढलेला असू द्या. चौकट बंद करण्यापूर्वी दोन काचांच्या मध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला सुताराला आठवणीने सांगा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आतून बाष्प धरेल आणि ते पुसायला संपूर्ण चौकट उतरवावी लागेल.